इंग्रजीच्या प्राध्यापकाची दुसरी वही

विद्यापीठाच्या दप्तरात प्राध्यापकाची नोंद पदवी, विषय, नेमणुकीची तारीख आणि वेतनश्रेणी अशा चार रकान्यांत होते. तो कुठल्या गावचा, घरात कोणती भाषा बोलत होता, तास संपल्यावर काय वाचत-लिहीत होता, याला दप्तरात जागा नसते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाबाबत ही उणीव कदाचित खपून जाईल. इंग्रजीच्या प्राध्यापकाबाबत ती खपत नाही. इंग्रजी शिकवून संसार चालवणाऱ्या माणसांनी महाराष्ट्रात मराठी कविता, नाटक, समीक्षा आणि सौंदर्यशास्त्र यांत एवढे काम करून ठेवले आहे, की त्यांची ही दुसरी वही बाजूला काढली तर आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाची पानेच्या पाने कोरी राहतील. ही माणसे कुठून आली आणि त्यांचा जीव कशात होता, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. तो पनवेलमधून विचारला, की त्याला एक वेगळे उत्तरही मिळते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. आरंभी हे विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. तिथे विलायतेहून आलेले अध्यापक इंग्रजी साहित्याचे पदवीधर नव्हते, असणे शक्यही नव्हते. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये त्या काळी इंग्रजी साहित्य हा स्वतंत्र पदवीचा विषयच नव्हता. केंब्रिजने इंग्रजीच्या स्वतंत्र परीक्षेला मान्यता दिली ती १९१७ मध्ये. अभ्यासविषय म्हणून इंग्रजी साहित्याची घडण इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात झाली, हे गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' (१९८९) या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. त्यामुळे इकडे आलेले साहेब मुळात ग्रीक-लॅटिनचे विद्यार्थी. एल्फिन्स्टनचे प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे अभ्यासक होते. १८५७ मध्ये पुण्याच्या कॉलेजात प्राचार्य होऊन आलेले एडविन अर्नोल्ड इथे संस्कृत शिकले, 'हितोपदेशा'चे इंग्रजी भाषांतर केले आणि मायदेशी परतल्यावर बुद्धचरित्रावरचे 'द लाइट ऑफ एशिया' (१८७९) लिहून जगप्रसिद्ध झाले. ग्रँट यांच्यानंतर एल्फिन्स्टनची धुरा सांभाळणारे विल्यम वर्ड्सवर्थ हे कवी वर्ड्सवर्थचे नातू. विषय एक आणि आवड दुसरी, हा प्रकार असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

एतद्देशीयांमध्येही तो तसाच उतरला. विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. १८६२ मध्ये झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांतले रानडे १८६८ पासून काही वर्षे एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी व इतिहास शिकवत होते. पण आज त्यांचे नाव घेताना आपल्यासमोर येतात ते न्यायमूर्ती, अर्थचिंतक आणि भागवत धर्माचे भाष्यकार रानडे. फर्ग्युसनचे वासुदेव बाळकृष्ण केळकर वर्गात शेक्सपिअर शिकवत आणि त्याच शेक्सपिअरला मराठी रंगभूमीवर 'त्राटिका' म्हणून उभे करत. नाटक वाचून समजते, हे वर्गातले तत्त्व. नाटक प्रयोगातून समजते, हे त्यांच्या दुसऱ्या वहीतले.

विसाव्या शतकात ही दुसरी वही अधिक जाड झाली. अमरावतीच्या कुसुमावती देशपांडे लंडनमध्ये शिकून नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या. त्यांची समीक्षा मात्र मराठी कादंबरीची आणि कथा मराठी माणसांच्या. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मं. वि. राजाध्यक्ष एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी शिकवत आणि 'अभिरुची'त 'निषाद' या नावाने मराठी वाङ्मयव्यवहाराची हजेरी घेत. बा. सी. मर्ढेकरांनीही आकाशवाणीत जाण्यापूर्वी काही वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले होते. देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र, गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग आणि 'राजा लिअर' मराठीत आणले, तसेच ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चे अर्वाचीन मराठीत रूपांतर केले. रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. पण त्यांचा मोठा ग्रंथ 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मराठीत आहे. हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला असता तर त्याला जगभरचे वाचक लाभले असते, असे म्हणता येते. तसे झाले असते तर कांटविषयी मराठीत नेमकेपणाने बोलायला लागणारी परिभाषा मात्र आपल्याकडे घडली नसती.

या सगळ्यांची आवड वेगवेगळी, तरी पार्श्वभूमीत एक सारखेपणा आहे. बहुतेक जण शिकल्या-सवरलेल्या मध्यमवर्गातले. घरात पुस्तके किंवा निदान पुस्तकांबद्दल आदर. संस्कृतची ओळख, संतवाङ्मयाचा कानावर पडलेला पाठ. इंग्रजी त्यांना वरून जोडलेली खोली होती. खालचे घर बांधलेलेच होते. ज्यांचे घर या आळीत नव्हते, त्यांचे काय झाले, हे पाहायचे तर पनवेलकडे वळावे लागते.

पनवेलमध्ये बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे सिनेगॉग आहे, १८४९ चे. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची भाषा मराठी. आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर अशी इथल्याच गावांची. १८२९ मध्ये मुंबईला आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने या समाजासाठी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. आपल्या धर्मग्रंथाची भाषा त्यांनी मराठीच्या आधाराने नव्याने शिकली. विल्सनचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने धर्म सोडला नाही, शिक्षण तेवढे घेतले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. घाण्यावरून शाळेत, शाळेतून कचेऱ्यांत आणि अध्यापनात, असा या समाजाचा प्रवास.

याच समाजात १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत निसीम इझिकेल यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव तळकर, म्हणजे गाव याच मुलखातले. वडील मोझेस विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. आईची स्वतःची शाळा होती. ज्या विल्सनने त्यांच्या पूर्वजांना मराठीतून हिब्रू शिकवले, त्याच्याच नावाच्या महाविद्यालयात निसीम इंग्रजी साहित्य शिकले. १९४८ मध्ये ते लंडनला गेले. पहिला कवितासंग्रह 'अ टाइम टु चेंज' १९५२ मध्ये तिथेच निघाला आणि त्याच वर्षी मालवाहू जहाजावर डेक घासण्याचे काम पत्करून ते परतले. पुढे त्यांनी जाहिरात संस्थेत नोकरी केली, 'क्वेस्ट'चे संपादन केले, वृत्तपत्रांत चित्रकलेची समीक्षा लिहिली, नाटके लिहिली. १९६१ ते १९७२ मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजी विभागप्रमुख आणि त्यानंतर १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठात अध्यापन, हा त्यांचा दप्तरातला भाग.

मराठी त्यांच्या समाजाची भाषा, पण त्यांच्या हाती ती लेखनाची भाषा म्हणून आली नाही. आधीच्या प्राध्यापकांपेक्षा त्यांची स्थिती नेमकी उलटी. तरीही इंदिरा संतांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद 'स्नेक-स्किन' (१९७४) त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह केला. कारकून-विद्यार्थ्यांच्या तोंडची, व्याकरणाचे काठ ओलांडणारी इंग्रजी त्यांनी कवितेत आणली. ही चेष्टा की आस्था, यावर वाद झाले. पण इंग्रजीच्या प्राध्यापकाने आपल्या भोवतालच्या 'चुकीच्या' इंग्रजीकडे लाल शाई बाजूला ठेवून कान द्यावा, ही गोष्ट लहान नव्हती. आळीबाहेरच्या माणसाला आळीतली भाषा वेगळी ऐकू येते.

आळीबाहेरची दुसरी वाट मराठवाड्यातून गेली. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले ते तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य डोक्यात घेऊन. दलित लेखकांनी कोणाकडे पाहावे, या चर्चेला त्यामुळे वेगळी दिशा मिळाली. लातूरचे इंग्रजीचे प्राध्यापक जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृती यांवर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. अभ्यासक्रमात शेक्सपिअर आणि मिल्टन असताना या माणसांनी त्याच ग्रंथालयाच्या दुसऱ्या फडताळातून आपल्या समाजाला उपयोगी पडेल ते उचलले. इथे आवड आणि गरज यांच्यातली रेघ पुसली जाते.

पुढच्या पिढीत हे ताण अधिकच उघड झाले. कारवारला जन्मलेले विलास सारंग मराठीत 'सोलेदाद'च्या कथा लिहीत होते; त्यांनी इराकमध्ये बसरा इथे अध्यापन केले, मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि मराठी-इंग्रजी अशी दुतर्फा ये-जा केली. गौरी देशपांडे यांनी इंग्रजीत कविता आणि मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय 'अरेबियन नाइट्स'चे १६ खंड मराठीत आणले. खानदेशातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे आयुष्यभर इंग्रजी शिकवत राहिले आणि इंग्रजीच्या वर्चस्वावर सर्वांत कडाडून बोलले. याला कोणी विसंगती म्हणेल. पण दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्यालाच मालाची खरी किंमत ठाऊक असते.

आता एक अवघड प्रश्न. या दुसऱ्या वहीची किंमत पहिल्या वहीने, म्हणजे विद्यार्थ्यांनी, मोजली का? साहित्याच्या वर्गात पुढच्या बाकांवर बसणाऱ्या मोजक्या मुलांना हे प्राध्यापक आयुष्यभर पुरले. सक्तीच्या इंग्रजीच्या मोठ्या वर्गात मागे बसलेला मुलगा मात्र गाइड पाठ करत राहिला, इंग्रजीतच अडकला आणि त्याची पदवी लांबली. मोठ्या नावांच्या गौरवात ही बाजू झाकली जाते. आवड असलेला प्राध्यापक चांगला शिक्षक असतोच असे नाही. तरी एवढे म्हणता येते, की ज्याला स्वतःची एखादी भाषा घडवण्याचा घोर लागलेला असतो, त्याला भाषा शिकताना होणारी धडपड निदान ओळखता येते.

आजच्या पनवेलच्या वर्गात ही ओळख पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, भातखाचरे आणि मिठागरे गेली, १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झाले, त्यात माणसे गेली. त्या घरांतली नातवंडे आता इथल्या महाविद्यालयांत आहेत. घरात आगरी बोली, शाळेत प्रमाण मराठी, महाविद्यालयात इंग्रजी. म्हणजे त्यांच्या दृष्टीने इंग्रजी ही दुसरी नव्हे, तिसरी पायरी. शेजारी बसलेली मुले उत्तर प्रदेशातून, केरळातून, राजस्थानातून आलेल्या कुटुंबांची. अशा वर्गाला घाण्यावरून इंग्रजीपर्यंत आलेल्या घराण्याची गोष्ट परकी वाटू नये.

पण शिकवणाऱ्याची स्थिती काय? अनेक जण तासिका तत्त्वावर, एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे लोकलने धावणारे. कायम असलेल्यांना २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणपद्धतीचा हिशेब ठेवावा लागतो. २०१८ च्या नियमावलीत अनुवादित पुस्तकाला ८ गुण आहेत, हे चांगलेच. कवितेला, नाटकाच्या तालमीला, दिवाळी अंकातल्या लेखाला मात्र तिथे रकाना नाही. राजाध्यक्षांचा 'निषाद' आज असता, तर वर्षअखेरच्या अर्जात त्याच्या नावापुढे शून्य पडले असते. आवडीला फुरसत लागते आणि फुरसतीला नोकरीची खात्री लागते, हा साधा हिशेब आपण विसरत चाललो आहोत.

तरीही दुसरी वही बंद झालेली नाही, असे मानायला जागा आहे. आगरी घरातून इंग्रजीची पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलगी उद्या प्राध्यापक होईल, तेव्हा तिच्या हाती विंदांकडे नव्हते असे काही असेल : प्रमाण मराठीच्याही आधीची एक भाषा. ती त्या भाषेत लिहील की तिच्यातून इंग्रजीत नेईल, हे तिने ठरवावे. तिच्या नेमणुकीच्या कागदावर पाचवा रकाना नसला, तरी तिच्या वेळापत्रकात रिकामा तास राहील एवढे पाहणे विद्यापीठाच्या हातात आहे.