कव्हर पाहून लागलेला निकाल : केएमडीचा ‘ब्लॅक बास्टर्ड्स’

एमएफ डूम हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. चेहऱ्यावर धातूचा मुखवटा, जड आवाज आणि यमकांवर यमकं रचणारा रॅपर. आजची गोष्ट त्या मुखवट्याच्या आधीची आहे. ती एका अल्बमची आहे, जो १९९४ मध्ये दुकानात यायचा होता आणि आलाच नाही.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लाँग बीच नावाचं गाव आहे. तिथले दोन भाऊ, डॅनियल आणि डिंगिलिझ्वे डुमिले. रॅप करताना थोरला झेव्ह लव्ह एक्स आणि धाकटा डीजे सबरॉक. त्यांच्या ग्रुपचं नाव केएमडी. १९८९ मध्ये थर्ड बेसच्या ‘द गॅस फेस’ या गाण्यात झेव्हचा एक भाग होता, तिथून लोकांचं लक्ष गेलं. इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने करार केला आणि १९९१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘मिस्टर हूड’.

हा अल्बम गमतीशीर आहे. भाषा शिकवणाऱ्या जुन्या रेकॉर्डवरचा एक आवाज कापून, जोडून त्यांनी एक अख्खं पात्र उभं केलं, आणि तोच हा मिस्टर हूड. पण हसता हसता ही पोरं एक गंभीर गोष्ट सांगत होती. तिचं नाव सांबो.

सांबो म्हणजे काय? अमेरिकेत कृष्णवर्णीयांची टर उडवण्यासाठी गोऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरलेलं चित्र. काळाकुट्ट चेहरा, जाड ओठ, उगाच पसरलेलं हसू. जाहिरातीत, पुस्तकात, डब्यांवर, सगळीकडे. केएमडीच्या पहिल्या अल्बममधलं ‘हू मी?’ हे गाणं याच चित्राला सवाल करतं : हा मी आहे का? ग्रुपच्या लोगोतसुद्धा सांबोचं तोंड होतं, त्यावर काट मारलेली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता दुसरा अल्बम. तिसरा साथीदार ओनिक्स तोवर ग्रुप सोडून गेला होता. दोघे भाऊच बीट्स बनवत होते, दोघेच रॅप करत होते. काम जवळजवळ संपत आलं होतं आणि एप्रिल १९९३ मध्ये रस्ता ओलांडताना सबरॉकला गाडीने उडवलं. तो अजून वीस वर्षांचाही नव्हता. उरलेलं काम झेव्हने एकट्याने पूर्ण केलं.

कव्हरचं चित्रही त्यानेच काढलं. शाळेत वहीच्या मागच्या पानावर आपण हँगमन खेळायचो ना? अक्षर चुकलं की फासावरच्या माणसाचा एकेक अवयव काढायचा. कव्हरवर तोच खेळ होता. शीर्षकातली काही अक्षरं गाळलेली आणि फासावर लटकणारा सांबो.

‘मिस्टर हूड’ ऐकलेल्याला याचा अर्थ सरळ होता : त्या अपमानाच्या चित्रालाच आम्ही फाशी देतोय. पण ज्याने आधीचं काहीच ऐकलेलं नाही, त्याला काय दिसणार? फासावर लटकलेला काळा माणूस. आणि अमेरिकेत हजारो कृष्णवर्णीयांना जमावाने खरोखर असं मारलेलं आहे. ‘बिलबोर्ड’ या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकातून कव्हरवर कडक टीका झाली. ती जखम खरी होती, त्यामुळे टीका करणाऱ्यांना वेडं ठरवण्यात अर्थ नाही.

कंपनीचं वागणं मात्र वेगळं. इलेक्ट्रा ही टाइम वॉर्नर समूहातली. दोनच वर्षांपूर्वी, १९९२ मध्ये, ‘कॉप किलर’ गाण्यावरून याच समूहाविरुद्ध देशभर रान उठलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर ताकच ओतून टाकलं. अल्बम रद्द, ग्रुपशी करारही रद्द. भाऊ गेल्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

त्याच १९९४ मध्ये नासचा ‘इलमॅटिक’ आला, बिगीचा ‘रेडी टू डाय’ आला. त्या वर्षाबद्दल आजही पानंच्या पानं लिहिली जातात. त्या गर्दीत केएमडीला उभंच राहता आलं नाही.

पण टेप बाहेर गेल्या होत्या. कॉपीची कॉपी होत त्या हातोहात फिरल्या. अखेर २००० च्या सुमारास, म्हणजे सहा-सात वर्षांनी, अल्बम रीतसर बाहेर आला. तोवर झेव्ह मुखवटा चढवून परतला होता आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ऑपरेशन : डूम्सडे’ही आला होता.

आज हा अल्बम ऐकणाऱ्यांची मतं साधारण तीन तऱ्हेची दिसतात. काहींना तो खडबडीत, कच्चा वाटतो. त्यांना ‘मिस्टर हूड’ची मस्करी हवी असते, इथे दारू, धूर आणि राग आहे. काहींना हाच खडबडीतपणा आवडतो. आणि बहुतेक जण तो ‘डूमचा भूतकाळ’ म्हणून ऐकतात, मुखवट्याच्या खुणा शोधत.

मला तिसरी गोष्ट खटकते. मीही आधी तसाच ऐकला होता. मग ‘इट साउंडेड लाइक अ रॉक’ लागलं आणि लक्षात आलं, अरे, हा दुसरा आवाज कोणाचा? हा सबरॉक. याच्या नावावर पुढे ना मुखवटा आहे, ना दंतकथा. जे आहे ते एवढंच, दोन अल्बम. त्यातला एक कपाटात बंद करणं म्हणजे त्याच्या हयातीचा निम्मा ऐवज बंद करणं होतं. तो पुन्हा स्टुडिओत येऊन काही नवं करणार नव्हता.

डूमही ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला. जगाला ते कळलं दोन महिन्यांनी, ३१ डिसेंबरला. आता दोघंही नाहीत.

तर या आठवड्यात एवढं करा. आधी ‘हू मी?’ ऐका, मग ‘ब्लॅक बास्टर्ड्स’ सुरुवातीपासून लावा. डूमला थोडा वेळ विसरा आणि धाकट्याचा आवाज ओळखायचा प्रयत्न करा. आवडला नाही तरी चालेल. पण मत ऐकून बनवा. भेटूया पुढच्या भागात!