नांगराने सोडलेली जमीन

शॉमबर्ग म्हटले की आपल्याकडच्या आयटीवाल्यांना मोटोरोला आठवते, आणि इथे राहून गेलेल्या आईवडिलांना १९७१ पासूनचा वूडफील्ड मॉल. त्याच्या पार्किंगखाली एकेकाळी पुरुषभर उंचीचे गवत होते, हे सांगून खरे वाटत नाही.

१८३७ मध्ये याच इलिनॉय राज्यात जॉन डिअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर बनवला. इथली चिकट काळी माती त्याला धरून बसेना. मग काय! जर्मन शेतकऱ्यांनी माळ उलथून मका-गहू पेरला, १८५० मध्ये गावाला आपल्या मुलखाचे नाव दिले. १९५६ मध्ये रीतसर व्हिलेज झाले तेव्हा वस्ती होती फक्त १३०! राज्यात एकेकाळी सुमारे २.२ कोटी एकर माळरान होते; १९७८ च्या पाहणीत अस्सल उरलेले भरले जेमतेम २,३०० एकर. म्हणजे दहा हजारांत एक!

अस्सल बघायचे तर शॉमबर्गहून तासाभरावर, झायनजवळ मिशिगन सरोवराच्या काठी जावे. तिथे सगळी वाळू, नांगराला काही कामच नाही. म्हणून जमिनीलगत पसरणारे ज्युनिपर, हीथच्या कुळातली बेअरबेरी आणि चक्क निवडुंग अजून टिकून आहेत. हो, शिकागोच्या बर्फात निवडुंग! 'डेड रिव्हर' नावाच्या नदीचे तोंड वाळूच्या दांड्याने बंद होते, आणि पाणी चढले की ती दांडा फोडून सरोवराला मिळते.

पण नुसत्या निरुपयोगीपणाने जागा वाचत नाही. शेजारच्या कॅम्प लोगनला लष्कराचे नेमबाजीचे मैदान होते, आणि १९७३ ते १९९८ पर्यंत उद्यानाच्या दोन भागांमध्ये अणुवीज केंद्र चालले. रोपवाटिकावाले रॉबर्ट डग्लस आणि उद्यानरचनाकार येन्स येन्सन यांनी इथे उद्यान करण्याची चर्चा १८८८ मध्येच केली होती. सरकारने पहिली जमीन घेतली ती १९४८ मध्ये, साठ वर्षांनी! पुढे १९६३ च्या कायद्यानंतर, १९६४ मध्ये हा राज्याचा पहिला संरक्षित निसर्गराखीव तुकडा ठरला.

तिथून चालताना मला रत्नागिरीकडचे सडे आठवत राहिले. कातळावर नांगर चालत नाही, म्हणून सातबाऱ्यावर शिक्का 'पोटखराबा'. पावसाळ्यात त्याच खराब्यावर फुलांचे गालिचे, आणि खाली हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पे, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आता तिथे चिऱ्यांच्या खाणी आहेत, कलमांसाठी सुरुंग आहेत. नांगर सडा सोडून पुढे गेला; जेसीबी सोडणार नाही. 'खराबा' हा शब्द कागदावरून पुसायला आपण साठ वर्षे थांबलो, तर पुसायला कागद उरेल, सडा उरणार नाही.