शब्दांचा पुरावा

शब्दाचें कुळ शोधणें हें पंडितांचें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंग्रजी भाषेच्या इतिहासांत मात्र ती दोन वेळां खोटी ठरली. पहिल्या खेपेस तें कार्य छापील पत्रकानें केलें, दुसऱ्या खेपेस दूरचित्रवाणीनें.

१८७९ सालीं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनीं इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांस उद्देशून एक विनंतिपत्रक काढलें. ग्रंथ वाचतांना जो शब्द लक्ष वेधील, त्याचें वाक्य चिठ्ठीवर उतरून घ्यावें, ग्रंथाचें नांव व साल लिहावें आणि चिठ्ठी धाडावी, एवढेंच त्यांचें मागणें होतें. चिठ्ठ्या लाखांनीं आल्या. १९२८ सालीं कोश पुरा झाला. परंतु तो पाहावयास मरे उरले नव्हते. १९१५ सालींच त्यांचें देहावसान झालें होतें.

२००६ सालीं त्याच कोशाच्या संपादकांनीं बी. बी. सी.च्या ‘बॉल्डरडॅश अँड पिफल’ ह्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या द्वारें प्रेक्षकांस पुन्हां साद घातली. पन्नास शब्दांची व वाक्प्रचारांची यादी प्रसिद्ध झाली. कोशांत नोंदलेल्या सालापूर्वीं तो शब्द कोठें छापला गेला आहे काय, तें प्रत्येकानें जुन्या कागदपत्रांत धुंडाळावें, असें आवाहन होतें.

त्या यादींतील ‘बॅक टु स्क्वेअर वन’ ह्या वाक्प्रचाराचा वृत्तांत मोठा बोधप्रद आहे. केलेले श्रम वाया जाऊन पुन्हां आरंभीं येणें, हा त्याचा अर्थ. अशा वेळीं मराठी मनुष्य ‘पुन्हां पहिले पाढे पंचावन्न’ म्हणतो. त्याच्या जन्माची एक कथा इंग्लंडांत रूढ आहे. २२ जानेवारी १९२७ रोजीं बी. बी. सी.नें नभोवाणीवरून फुटबॉलच्या सामन्याचें धावतें वर्णन ऐकविलें. चेंडू कोठें आहे हें श्रोत्यांस कळावें म्हणून ‘रेडिओ टाइम्स’ पत्रांत मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा छापला होता. वर्णन चालू असतां चौकोनाचा आंकडा पुकारला जाई. वाक्प्रचार तेथूनच निघाला, असें पुष्कळांस वाटे.

परंतु जो जुना छापील पुरावा हातीं आला, तो १९५२ सालचा, अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकांतला. आणि तेथें उल्लेख फुटबॉलचा नसून सापशिडीचा आहे. सापानें गिळलेली सोंगटी जशी खालच्या घरांत येते, तसा तो अर्थ. सापशिडी इंग्लंडांत गेली ती हिंदुस्थानांतून. महाराष्ट्रांत तिचेंच जुनें रूप मोक्षपट म्हणून खेळलें जाई.

गोड कथेनें शब्दाचें कुळ ठरत नाहीं. तें तारखेच्या कागदानें ठरतें. असे कागद पंडितांच्याच कपाटांत असतात असें नाहीं. ते घरोघरच्या माळ्यावर असतात आणि बहुधा कोणी न उघडतांच रद्दीच्या तागडींत जातात. त्यांबरोबर एखाद्या मराठी शब्दाचा जन्मदाखलाहि जात असेल.