कोट गेला, दरवाजे राहिले

येलदरीच्या माणसाला भिंतीचे मोल सांगावे लागत नाही. पूर्णेवरील धरण रोज डोळ्यांसमोर आहे. मराठवाड्यातील दुसऱ्या एका भिंतीची आठवण मात्र पुसट होत चालली आहे. ती म्हणजे औरंगाबादचा कोट.

निजामशाहीचा कर्ता हबशी वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी गावाला शहराचे रूप दिले. भडकल दरवाजा त्याचाच. पुढे औरंगजेबाने 1682 मध्ये शहराभोवती कोट घातला. उत्तरेस दिल्ली दरवाजा, पश्चिमेस मक्का, दक्षिणेस पैठण, पूर्वेस जालना. वाट जिकडची, नाव तिकडचे! वस्ती वाढली, रस्ते रुंद झाले, कोटाचा बहुतेक भाग नाहीसा झाला आणि दरवाजे रहदारीत एकटे पडले.

फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 च्या महिला परिषदेसाठी पाहुणे यायचे म्हणून शहरातील भिंती चित्रांनी रंगविल्या गेल्या. त्याच महिन्यात शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. रंगकाम देखणे होते, यात वाद नाही. तथापि भडकल दरवाजा कोणी बांधला, हे आपल्याच मुलांना सांगता येत नाही, याची खंत वाटते. सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी रंगीत भिंतीपुढे छायाचित्र जरूर काढावे. पण मक्का दरवाज्याशी खाम नदीचा पूल पायी ओलांडावा. शहराची जुनी हद्द तेथे पायाखाली येते.