दुसऱ्याच्या ॲपवर धंदा : धोके कोणते, काळजी काय घ्यायची?

आज आपल्या कितीतरी घरांतून धंदा चालतो. कुणी अबाये शिवून इन्स्टाग्रामवर विकतं, कुणी बिर्याणीच्या ऑर्डरी झोमॅटो-स्विगीवर घेतं, कुणी अत्तर किंवा ड्रेस मटेरियल ॲमेझॉन, मीशोवर टाकतं. भांडवल थोडं लागतं, दुकानभाडं नाही, गिऱ्हाईक घरबसल्या मिळतं. हे फायदे खरे आहेत. पण भाड्याच्या गाळ्याला निदान अकरा महिन्यांचा करार असतो. इथे अटी कंपनी ठरवते आणि मध्येच बदलूही शकते. म्हणून धोके आधी समजून घेऊ या.

1. ॲपच बंद होणे : 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ खाली 59 चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते, तसेच क्लब फॅक्टरी आणि शीइन ही खरेदीची ॲपही होती. लाखो फॉलोअर्स जमवलेल्यांची खाती एका आदेशाने निरुपयोगी झाली. त्यांची स्वतःची काहीच चूक नव्हती.

2. यंत्रणा ठप्प होणे : 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. तिन्ही एकाच कंपनीची. तीन ठिकाणी दुकान मांडलंय असं ज्यांना वाटत होतं, त्यांची तिन्ही शटर्स एकदम खाली आली.

3. नियम बदलणे : जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केले की नातेवाईक आणि मित्रांच्या पोस्टना यापुढे प्राधान्य मिळेल. त्यामुळे व्यावसायिक पेजेसच्या पोस्ट फुकटात कमी लोकांपर्यंत जाऊ लागल्या. पोहोचायचं असेल तर जाहिरातीचे पैसे मोजा, अशी स्थिती आली.

4. एकाच दारावर अवलंबून राहणे : हे फक्त छोट्यांचं दुखणं नाही. ‘फार्मव्हिल’ हा खेळ बनवणाऱ्या झिंगा या अमेरिकन कंपनीची 2011 मधली जवळपास सगळी कमाई फेसबुकमार्फत होत होती. फेसबुकचे धोरण बदलले की तिच्या धंद्याला थेट झळ बसे.

5. गिऱ्हाईक आपले नसणे : मार्केटप्लेसवर ग्राहकाची माहिती मुख्यतः कंपनीकडे राहते. खाते बंद झाले तर जुन्या ग्राहकाला कळवायचे तरी कसे?

मग करायचं काय?

- नेहमीच्या ग्राहकांची नावे व नंबर त्यांच्या परवानगीने वहीत किंवा फाईलमध्ये लिहून ठेवा. ही वही हीच खरी पुंजी.
- निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ठिकाणी विक्री ठेवा. मोहल्ल्यातली थेट विक्री सोडू नका.
- स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन साधी वेबसाइट करा. पत्ता आपल्या नावावर राहतो.
- मालाचे फोटो, बिले आणि हिशेब ॲपच्या बाहेरही जपा.
- ॲपकडे जास्त दिवस पैसे अडकणार असतील तर त्या भरवशावर उधारीत माल भरू नका.
- मेन्यू किंवा मालाचा भाव ठरवताना कमिशन, परतीचा माल आणि पार्सलचा खर्च आधी धरा.

खाते अचानक बंद झाले तर : 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार सोशल मीडिया कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने 24 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा असतो. निकाल पटला नाही, तर 30 दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. त्यासाठी स्क्रीनशॉट आणि ईमेल सांभाळून ठेवा.

ॲप सोडा असं आम्ही म्हणत नाही. बाजार जिथे भरतो तिथे जावंच लागतं. पण उद्या तो बाजार उठला, तर घरची चूल पेटती राहील एवढी सोय आजच करून ठेवायला हवी.