'दुर्गम' कुणापासून?

आरमोरी तालुक्यातील वैरागडचे नाव अबुल फजलाच्या 'आइन-इ-अकबरी'त येते, ते तेथील हिऱ्यांच्या खाणीमुळे. म्हणजे सोळाव्या शतकात मोगलांच्या दफ्तराला हा मुलूख ठाऊक होता. आज शासकीय मराठीत गडचिरोली जिल्ह्याच्या नावामागे 'दुर्गम' हे विशेषण जवळजवळ कायमचे चिकटले आहे. दुर्गम म्हणजे जेथे जाणे कठीण. पण कोठून जाणाऱ्याला, हे तो शब्द सांगत नाही. वैनगंगेकाठच्या आरमोरीकराला मुंबई तितकीच दुर्गम असते, ही गोष्ट कोणत्याही अहवालात येत नाही.

या अंतराला पैशाचे माप कसे लावले गेले, याचा इतिहास 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारापासून पाहावा लागतो. विदर्भाने महाराष्ट्रात यावे म्हणून झालेल्या या करारात निधी लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे ठरले. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचेही कलम होते. त्या काळी हे औदार्यच वाटले असणार. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम 371(2) मध्ये मात्र भाषा बदलली. तेथे 'प्रमाण' गेले आणि 'समन्यायी वाटप' आले. प्रमाण मोजता येते, समन्याय ठरवावा लागतो. आणि तो कोणी ठरवायचा, यावर पुढची चार दशके गेली.

प्रमाणाचा हिशेब गडचिरोलीला लावून पाहावा. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे क्षेत्र 14,412 चौ. कि.मी. आहे, म्हणजे राज्याच्या साडेचार टक्क्यांहून अधिक. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या मात्र 10,72,942 भरली. ती राज्याच्या एक टक्काही नाही. राज्यात दर चौरस किलोमीटरला 365 माणसे, येथे 74. तेव्हा डोईमागे अगदी समान वाटलेला रुपया येथील भूमीवर पसरला, की राज्याच्या सरासरीच्या पाचव्या हिश्श्याइतकाच उरतो. रस्त्याचा खर्च डोकी मोजून होत नाही, लांबी मोजून होतो. वाटणीत कोणी लबाडी केली नाही तरी तूट पडते, ती अशी.

वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 मध्ये जिल्हा हे एकक आणि राज्याची सरासरी ही पातळी धरून अनुशेष काढला. तो सुमारे 3,187 कोटी रुपयांचा होता : विदर्भाचा सुमारे 1,247, मराठवाड्याचा 751 आणि उर्वरित महाराष्ट्राचा 1,189 कोटी. 'अनुशेष' हा शब्द राजकीय मराठीत रुळला तो या अहवालानंतर. शब्द हिशेबाचा आहे, म्हणूनच फसवा. बाकी फेडली की खाते मिटते, असे तो सुचवतो. परंतु सरासरी स्वतः पुढे सरकत असते.

शिवाय पैसा मिळाला तरी तो लागतो कोठे? जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाखाली. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर वनजमिनीसाठी केंद्राची संमती आवश्यक झाली आणि आरमोरी तालुक्यातील तुलतुलीसारखे सिंचन प्रकल्प अडकून पडले. जंगल राखणे योग्यच होते, असे मला वाटते. पण राखण्याची किंमत ज्यांनी दिली त्यांच्या नावे ती जमा झाली नाही.

वैधानिक विकास मंडळे 1994 मध्ये आली आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली. केंद्राच्या वित्त आयोगांनी दरम्यान वेगळा मार्ग धरला होता. दहाव्या आयोगाने राज्यांच्या वाट्यात क्षेत्रफळाला 5 टक्के भार दिला. 2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या आयोगाने तो 15 टक्के ठेवला, आणि वनाच्छादन व पर्यावरणासाठी आणखी 10 टक्के. या मोजणीत महाराष्ट्राच्या नावे जे जंगल धरले जाते, त्यातील मोठा भाग गडचिरोलीचा आहे. रक्कम मात्र मुंबईच्या तिजोरीत जमा होते, आणि ती जंगलाच्या जिल्ह्यापर्यंत पोचावी अशी अट त्या सूत्रात नाही.