नेओमी दत्ता आणि जीवाणूंची देवघेव

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंचा इतिहास अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतल्यास जंतू निर्ढावतील, असा इशारा त्यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. परंतु हे निर्ढावणे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे कसे जाते, याचा पाश्चात्त्य देशांतील पहिला पुरावा ज्यांनी दिला, त्या डॉ. नेओमी दत्ता यांचे नाव आपल्याकडे क्वचितच ऐकू येते.

आडनावावरून त्या भारतीय वाटतात, पण त्या जन्माने इंग्रज. १९२२ साली लंडनमध्ये जन्मलेल्या नेओमी गॉडार्ड यांचा विवाह जीवरसायनशास्त्रज्ञ प्रकाश दत्ता यांच्याशी झाला. सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळांतील उमेदवारीनंतर १९५७ मध्ये त्या लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाशी संलग्न अशा वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिल्या.

१९५९ मध्ये त्या रुग्णालयात साल्मोनेला टायफीम्युरियम या जीवाणूची साथ पसरली. दत्ता यांनी साथीतील ३०९ संवर्धने तपासली. त्यांपैकी २५ औषधांना दाद देत नव्हती. आकडा तसा किरकोळ. परंतु साथीच्या आरंभीच्या नमुन्यांत हा गुण नव्हता, तो पुढे प्रकटला होता. आणि तोही एका नव्हे, अनेक औषधांच्या बाबतीत. जनुकांत आपसूक होणाऱ्या बदलाने एखाद्या औषधाचा प्रतिरोध उपजतो, हे ठाऊक होते. असे अनेक दुर्मीळ बदल एकाच जीवाणूत, एकाच साथीच्या अवधीत घडावेत, हे संभवनीय नव्हते.

जपानमध्ये आमांशाच्या जंतूंबाबत हेच कोडे पडले होते. प्रतिरोधी आणि साधे जीवाणू एकत्र वाढवले, की प्रतिरोध एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असे ओचिआई व आकिबा यांच्या गटांनी १९५९ मध्ये दाखवले होते. दत्ता यांच्या प्रयोगातही तेच घडले. त्यांचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ नीट उलगडून पाहण्याजोगा आहे. तोवर प्रतिरोध म्हणजे पिढीजात वतन, आईपेशीकडून लेकीकडे जाणारे, अशी समजूत होती. प्रत्यक्षात तो शेजाऱ्यालाही मिळत होता. शेजारी भिन्न जातीचा असला तरीही. त्याचे वाहन म्हणजे प्लाझ्मिड, जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राहून निराळे असे डीएनएचे छोटे कडे. याला हातउसनेही म्हणता येत नाही, कारण देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही. वर्गातल्या एका वहीवरून सगळ्यांनी उत्तरे उतरवून घ्यावीत, तसा हा प्रकार. अनेक औषधांची उत्तरे एकाच पानावर असल्याने ती एकदमच उतरवली जातात.

१९६५ मध्ये कोंटोमिचालू यांच्यासह दत्ता यांनी अथेन्समधील एका रुग्णाच्या नमुन्यातून आलेल्या प्लाझ्मिडवर पेनिसिलिन-वर्गीय औषधांचा नाश करणारे विकर दाखवून दिले. टेम या नावाने ते पुढे जगभर पसरलेले आढळले. कोणते प्लाझ्मिड कोणाबरोबर एका पेशीत नांदू शकत नाही, यावरून प्लाझ्मिडांची कुळे लावण्याचे किचकट कामही त्यांनी हेजेस यांच्यासह केले. ते किती निकडीचे होते, हे १९७२ ने दाखवले. त्या वर्षी मेक्सिकोत आणि आपल्या केरळात, कालिकत येथे, क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा विषमज्वर आढळला. त्या काळी या रोगावर भिस्त याच औषधाची होती, आणि हा प्रतिरोधही संक्रमणशीलच निघाला.

माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम उत्तरायुष्यातले. ही प्लाझ्मिडे प्रतिजैविकांमुळे निपजली, की आधीपासूनच होती? उत्तरासाठी जुने जीवाणू हवे होते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मरे यांनी १९१७ ते १९५४ या काळात रुग्णांतून मिळालेले आतड्यातील जीवाणू बंद नळ्यांत जपून ठेवले होते. व्हिक्टोरिया ह्यूझ व दत्ता यांनी ते पुन्हा वाढवले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : किमान २४ टक्के जीवाणूंत दुसऱ्याकडे डीएनए पाठवण्याची क्षमता होती, प्रतिरोध मात्र अत्यंत विरळा. गाडी जुनीच होती. तीत भरलेला माल तेवढा नवा होता, आणि तो चार दशकांत भरला गेला होता.

१९८४ मध्ये त्या निवृत्त झाल्या. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यानंतर, १९८५ मध्ये, लाभले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. मरे यांचा संग्रह आता इंग्लंडच्या राष्ट्रीय जीवाणू संग्रहात आहे, आणि त्यातील जीवाणूंच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचनही झाले आहे.